मलमलीचा झगा आणि हॅना हम्फ्रीबाईंचं दुकान

इंग्लंडमधल्या बायकांच्या फॅशनवरच्या जुन्या व्यंगचित्रांबद्दल कुणी कुणी म्हणतं की ही चित्रं म्हणजे पुरुषांनी बायकांची काढलेली निव्वळ टिंगल. टिंगल आहेच, पण हिशेब इतका सरळ नाही. इंग्रज व्यंगचित्रकार जेम्स गिलरेचं १८०२ चं मलमलीच्या झग्यांवरचं चित्र बघा. शेकोटीतली तापलेली सळई एका लठ्ठ बाईच्या झग्यावर पडलीय, झगा पेटलाय, चहाचं टेबल उलथलंय. आणि मागे भिंतीवर कसलं चित्र? धगधगणारा व्हेसुव्हियस ज्वालामुखी! हा खवचटपणा मला भारी आवडतो. झगा पेटण्याची भीती मात्र खरीच होती. तलम सुती कापड उघड्या शेकोटीजवळ लगेच पेट घ्यायचं. तलम मलमलीचं वेड तिकडे पोचलं ते आपल्या बंगालमधून.

गंमत म्हणजे गिलरेची बहुतेक चित्रं छापून विकणारी बाईच होती, हॅना हम्फ्री. लंडनच्या सेंट जेम्स स्ट्रीटवर तिचं दुकान, आणि गिलरे राहायचा तिच्याकडेच. १८०८ च्या एका चित्रात तर तेच दुकान आहे: लोक खिडकीतली चित्रं बघण्यात गुंग, आणि पुढ्यात एक म्हातारबुवा घसरून सपशेल आपटलेत. म्हणजे पुरुषांचीही फजिती तिथेच विकली जायची, बाईच्याच गल्ल्यावर.