स्नायूंच्या मूलपेशी खर्च होऊनही संपत कशा नाहीत?

पुढच्या आठवड्यात वर्गात यावर बोलायचंय आणि मी एकाच जागी अडकलेय. जाणकारांनी कृपया मदत करावी.

मला कळलंय ते असं. एका स्नायूतंतूत केंद्रकं शेकड्यांनी असतात, पण ती विभागत नाहीत. त्यामुळे तंतू फाटला की नवी केंद्रकं सॅटेलाइट पेशींकडूनच, म्हणजे स्नायूंच्या मूलपेशींकडूनच येतात. १९६१ मध्ये अलेक्झांडर मॉरो यांना त्या बेडकाच्या स्नायूत इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली दिसल्या. तंतूचं पटल आणि त्यावरचं बेसल लॅमिनाचं वेष्टण यांच्या फटीत एरवी निपचित पडून असतात. इजा झाली की जाग्या होतात, विभागतात, मायोब्लास्ट (स्नायू घडवणाऱ्या कच्च्या पेशी) बनतात आणि एकमेकींत किंवा जुन्या तंतूत विरघळून जातात.

इथेच माझं घोडं पेंड खातंय. तंतूत विरघळली ती पेशी कायमची गेली. मग दहाव्या इजेला पेशी येतात कुठून? 'असममित विभाजन' एवढं एका ओळीत सगळे सांगतात, पण दोन लेकींपैकी राहणार कोण आणि खपणार कोण, हे ठरतं कसं?

प्रतिसाद १:
विभाजनाची दिशा बघा. पेशी तंतूला काटकोनात विभागली, तर वेष्टणाला चिकटलेली लेक मूलपेशी राहते. तंतूकडची लेक मायएफ५ जनुक चालू करून कामाला लागते. उंदरांमधलं हे निरीक्षण २००७ चं. तंतूला समांतर विभागली तर दोन्ही लेकी सारख्याच. साठा वाढतो तो अशाने. विंट७ए हे प्रथिन त्याला चालना देतं.

प्रतिसाद २:
वरच्यात भर. जाग्या झालेल्या सगळ्याच पेशी खपत नाहीत. काही मायोडी (स्नायू बनायला लावणारं जनुक) बंद करतात, पॅक्स७ (मूलपेशीपण जपणारं जनुक) चालू ठेवतात आणि पुन्हा झोपी जातात. हे बहुतेकांच्या टिपणांतून सुटतं, तुम्ही जरूर सांगा.

धागाकर्ती:
दोघांचेही आभार! मग डुशेन डिस्ट्रॉफीत (डिस्ट्रॉफिन हे प्रथिन नसल्याने होणारा स्नायूंचा आनुवंशिक आजार) स्नायू सतत तुटून साठा आटतो, एवढंच का?

प्रतिसाद १:
एवढंच नाही. डिस्ट्रॉफिन खुद्द मूलपेशीतही लागतं. ते नसेल तर पेशीला वरची-खालची बाजू नीट ठरवता येत नाही, असममित विभाजनं घटतात आणि मायोब्लास्टच कमी तयार होतात. म्हणजे तंतू तकलादू तर असतोच, वर दुरुस्तीही लंगडी. पेशी मोजल्या तर उलट पुष्कळ सापडतात.

धागाकर्ती:
अरेच्चा, मी 'साठा संपतो' असंच लिहिलं होतं. खोडते.