गोव्यातले कुळे स्थानक आणि समोरचे हॉटेल : आपले अनुभव लिहा

सावर्डेकर : गेल्या रविवारी हुबळीला जाताना घाटासाठी जादा इंजिने जोडायला आमची गाडी कुळ्याला थांबली आणि मिरचीभज्यांच्या वासाने मला स्थानकासमोरचे, आता बंद पडलेले कौलारू हॉटेल आठवले. मुरगावहून निघालेला हा मीटरगेज मार्ग १८८८ साली घाटमाथ्यावरच्या कॅसलरॉकपर्यंत पोहोचला. कुळ्यापुढचा चढ ३७ फुटांत एक फूट असल्याने इंजिनांची जोडणी अटळ होती, आणि हॉटेलाचा सगळा व्यवहार त्या खोळंब्यावरच चाले. आजोबा सांगत की शंटिंगची शिट्टी झाली की मालक घाणा सोडी, घड्याळाकडे तो कधी पाहत नसे. आपल्याही आठवणी अवश्य लिहाव्यात.

दुधसागरकाठचा : पोर्तुगीज अमदानीत येथे जकातीची तपासणी होत असे आणि कॅसलरॉकला पलीकडच्या सरकारची. माझी आत्या माहेरी येताना नव्या साड्या एकावर एक नेसून येई आणि तपासणी आटोपेपर्यंत त्याच हॉटेलात घामाघूम होऊन बसे. बाकावर मावत नसे, असे ती स्वतःच हसत सांगे. भारताने केलेल्या १९५५ च्या नाकेबंदीत सरहद्दीपलीकडची गाडी बंद झाली, तेव्हा गल्ल्यावर माश्या बसत, असे वडिलांकडून ऐकले आहे.

म्हापशेकर_बाई : पातळभाजीविषयी अद्याप कोणीच लिहिले नाही, याचे आश्चर्य वाटते.

केपेकर : बाई, त्या पातळभाजीपायीच माझी गाडी सुटली. इंजिन जोडायला अजून वेळ आहे, या भरवशावर मी दुसरा पाव मागवला आणि डोळ्यांदेखत शेवटचा डबा पुढे गेला. सामान गाडीत, चपला पायांत आणि खिशात सव्वा रुपया. मालकाने भाजीचे पैसे घेतले नाहीत, मात्र पुढची गाडी येईपर्यंत माझ्याकडून कांदे चिरून घेतले.

म्हापशेकर_बाई : कांदे बारीक चिरले होते ना?

केपेकर : नाही. म्हणूनच पुन्हा चिरायला लावले.

दुधसागरकाठचा : ब्रॉडगेज झाल्यावर गाड्या लांब झाल्या, थांबा मात्र तसाच राहिला. तरीही हॉटेल का बंद पडले, हे मला कळत नाही.

सावर्डेकर : मालकाच्या मुलाने जीप घेतली. धबधब्याचे प्रवासी आता तो नेतो, आणि भजी त्याची आई घरीच तळते.