'एका तळ्यात' ऐकताना तुम्ही कोण असता? (अनुभव धागा)

धागाकर्ता

गदिमांचं 'एका तळ्यात' ऐकत आपण सगळे मोठे झालो. आशाबाईंचा आवाज, तीन कडवी, आणि शेवटी कुरूप पिल्लू राजहंस निघतं. बालगीत म्हणूनच ते आपल्या हाती आलं, पण माझ्या मते मराठीतल्या फार उदास गाण्यांपैकी ते एक आहे.

मूळ गोष्ट अँडरसनची, १८४३ सालची. त्यात पिल्लू पळून जातं. एका म्हातारीच्या घरात कोंबडी त्याला विचारते, तुला अंडी घालता येतात का? पुढे हिवाळ्यात ते बर्फात अडकतं, एक शेतकरी त्याला सोडवतो. शेवटी दुसरे हंस त्याला आपल्यात घेतात, मुलं पाव टाकतात, कौतुक होतं. गदिमांनी हे सगळं गाळलं. त्यांचं पिल्लू तळं सोडत नाही, त्याला कोणी वाचवायला येत नाही, दुसरा हंसही भेटत नाही. ते चोरून पाण्यात बघतं आणि काय कळायचं ते त्याचं त्यालाच कळतं. टोचणाऱ्या भावंडांना कळलं का? वाईट वाटलं का? गाणं त्यावर बोलत नाही. आणि आपण बहुतेक जण तर त्या भावंडांतलेच होतो.

तर तुम्ही या गाण्यात कुठे होतात ते लिहा. माणसांची, शाळांची नावं नकोत. नागपूर-विदर्भातल्यांनी आधी लिहावं, बाकीच्यांना मज्जाव नाही. 'बालपण किती निरागस असतं' एवढंच लिहायचं असेल तर कृपया राहू द्या.

महालची

आमच्या शाळेच्या स्नेहसंमेलनात याच गाण्यावर नाच बसवला होता. ऐंशीच्या दशकाचा शेवट, मी तिसरीत. पिवळ्या क्रेप कागदाचे झगे घातलेल्या पुष्कळ मुली, आणि मधोमध गोणपाटाचं काहीतरी अडकवलेली एक. वर्गात सगळ्यांत काळी होती ती. निवड करताना बाईंनी रांगेवरून नजर फिरवली, तिच्यापाशी थांबवली, आणि झालं. कोणी काही विचारलं नाही. आम्हा मुलींना त्यात नवल वाटलं नाही, हे आता अंगावर येतं.

पहिल्या दोन कडव्यांत बाकीच्यांनी हाताची चोच करून तिला टोचायचं होतं. तालमीत पोरी खरंच टोचायच्या, कारण बाई सारख्या म्हणायच्या, 'खरं वाटलं पाहिजे.' तिसरं कडवं सुरू झालं की ती मुलींच्या आडून विंगेत शिरायची आणि तिथून पांढऱ्या नेटचा फ्रॉक नि चमकीचा मुकुट घातलेली दुसरीच मुलगी बाहेर यायची. ती दुसरी मी. गोरी म्हणून.

कार्यक्रमाच्या दिवशी माझा मुकुट घसरत होता. ती धापा टाकत विंगेत आली, माझ्याकडे बघितलं, स्वतःच्या केसांतली पिन काढून माझ्या मुकुटाला लावली. तिच्या दंडावर लाल वळ होते. मी ते पाहिले आणि स्टेजवर गेले. टाळ्या पडल्या. तो फोटो आमच्या दिवाणखान्यात कितीतरी वर्षं होता. त्यात ती असणं शक्यच नव्हतं.

मी पुढे मुलांना हे गाणं शिकवलं नाही. गाण्यात निदान तेच पिल्लू राजहंस होतं, आमच्याकडे त्याला आत पाठवून दुसरं आणून ठेवलं. पण जसजसं वय वाढतंय तसं वाटतं, गाण्यातही थोडं तेच आहे. कुरूप पिल्लाला कुरूप राहून शेवटपर्यंत स्टेजवर थांबता येत नाही.

सक्करदऱ्याचा पोट्टा

ताई, वाचून कालवलं पोटात. माह्यं लई साधं हाय. मी त्या गान्यातलं पिल्लूच होतो. तोतरा बोलत होतो, पोट्टे मले 'त-त-तर्री' म्हनत. घरी सांगाव त आई म्हने, मोठा झाला का होईन बरोबर. मोठा झालो. राजहंस काही झालो नाही, बदकच निंगालो. बर्डीवर दुकान हाय, अजूनबी अडखळतो, गिऱ्हाईक थांबते तितका वेळ. मले या गान्याचा रागच येते राजेहो. बदकाचं बदकच राह्यलं त त्याले टोचाचं का नाही टोचाचं, हे त्यानं सांगतलंच नाही.

धागाकर्ता

सक्करदरावाले, धाग्यातला माझा प्रश्न तुम्ही माझ्यापेक्षा चांगला मांडलात.

इतवारीतली

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्या भागातून मारबत निघते. नागपूरबाहेरच्यांसाठी सांगते: काळी आणि पिवळी अशा दोन प्रचंड मूर्ती, सोबत बडगे म्हणजे टिंगलीचे पुतळे, ढोल, गुलाल, आणि 'ईडा पीडा घेऊन जा गे मारबत' ही आरोळी. मिरवणूक संपली की मूर्ती जाळतात. काळीची परंपरा १८८१ पासूनची, पिवळीची १८८५ पासूनची. माझा रंग गडद आहे, तेव्हा पुढचं तुम्ही ओळखलंच असेल. तान्ह्या पोळ्याला इतर पोरं लाकडी बैल सजवून बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, मागत घरोघर फिरायची, मी आत बसायची. चुलत भाऊ गच्चीवरून नुसतं 'घेऊन जा गे' म्हणायचे. पुढचा शब्द उच्चारायची गरजच नसायची.

माझी आजी मात्र त्याच काळ्या मारबतीला हात जोडायची, घरातली लहान पोरं तिच्या पाया घालायची. मी एकदा चिडून विचारलं, जी वाईट आहे तिच्या पाया कायले पडायचं? आजी म्हणाली, "वाईट ते नाही माय. वाईट आपलं हाय, ते घेऊन जाते."

मला हे गाण्यापेक्षा जास्त पुरलं. गाण्यात पिल्लाचं दुःख त्याच्याच रूपाने फिटतं, म्हणजे सगळी जबाबदारी शेवटी त्याच्यावरच. आजीने ती टोचणाऱ्यांच्या पदरात टाकली. चुलत भावांपैकी कोणी या विषयावर आजवर बोललेलं नाही. राखी मी बांधते. हा धागा वाचत असतील तर वाचोत.

त्रिमूर्तीनगर

माझं दुखणं वेगळं आहे. आमचा मुलगा दत्तक आहे आणि त्याला ते पहिल्यापासून माहीत आहे. तो लहान असताना झोपवताना मी हे गाणं म्हणायची. माझ्या आईने मला म्हटलेलं, म्हणून. एका रात्री तिसऱ्या कडव्याशी आले आणि पुढे जाववेना. एक अंडं दुसऱ्याच घरात उबलं, पिल्लू त्या घरात वेगळं दिसलं, आणि त्याचं रडणं थांबलं कधी? तर आपण यांच्यातले नाहीच हे कळलं तेव्हा. माझ्या लेकराने यातून काय घ्यायचं? तुझी माणसं दुसरीकडे आहेत, तिथे तू सुंदर ठरशील, हे?

धागाकर्त्यांनी अँडरसनचं लिहिलंय म्हणून भर घालते. मूळ गोष्टीत बदकीण आहे. सुरुवातीला ती पिल्लाची बाजू घेते, तो कोणाला त्रास देत नाही, सोडा त्याला, असं म्हणते. शेवटी तीही वैतागून म्हणते, कुठे लांब गेला असतास तर बरं. गदिमांच्या गाण्यात आईच नाही. पूर्वी मला ते बरं वाटायचं, निदान तिच्यावर ठपका नाही. आता वाटतं, अख्खं तळं टोचत होतं तेव्हा ही बाई होती कुठे?

बरेच दिवस मी दोन कडवी म्हणून थांबायची. मुलानेच पकडलं, "आई, तू पुढचं खातेस." मग पूर्ण म्हणायला लागले. आता तो नववीत आहे, त्याला क्रिकेटशिवाय काही सुचत नाही आणि हे गाणं त्याला आठवत असेल असं वाटत नाही. तेव्हा प्रश्न माझाच आहे, त्याचा नाही.

पक्षीवेडा

थोडं अवांतर. गोष्टीतला हंस आपल्या फुटाळ्यावर किंवा अंबाझरीवर दिसायचा नाही. विदर्भातल्या तलावांवर हिवाळ्यात पट्टकदंब येतात, त्यांनाच बरेच जण राजहंस म्हणतात. तिबेट-मंगोलियाकडून हिमालय ओलांडून येतात, उन्हाळ्याआधी परत जातात. आणि पाणपक्षी एकमेकांना टोचतात ते खाण्यासाठी, जागेसाठी. पोट भरलं की विषय संपला. टोपणनाव ठेवून ते दहावीपर्यंत चालवणं फक्त आपल्या माणूसजातीत आहे. बाकी धागा चालू द्या.

अजनी क्वार्टर्स

आम्ही रेल्वे कॉलनीत वाढलो. धाकट्या भावाला पोलिओ झाला होता, एका पायात कॅलिपर. खेळात तो कायम कच्चा लिंबू. आई बजावून पाठवायची म्हणून मी त्याला न्यायचो, आणि न्यावं लागतं म्हणून चिडायचो.

रेसटीप खेळताना राज्य मुद्दाम त्याच्यावर आणायचं, कारण त्याला क्वार्टरच्या जिन्याने वर येता येत नसे आणि आम्ही सगळे वर लपायचो. एका रविवारी आम्ही त्याला आकडे मोजायला लावलं आणि तसेच टीव्हीवर सिनेमा बघायला निघून गेलो. कॉलनीत तेव्हा मोजक्याच घरी टीव्ही होता, पोरांची जागा जमिनीवर, उशीर झाला की दारातून बघावं लागे. मला खरंच त्याची आठवण राहिली नाही. हे मी वर्षानुवर्षं स्वतःला सांगितलं. पण मध्यंतरात बातम्या लागल्या तेव्हा एका मित्राने विचारलं होतं, "तुझा भाऊ?" आणि मी म्हणालो होतो, "येईल."

बाबांना तो पाण्याच्या टाकीमागे सापडला. अंधार पडला होता. घरी आल्यावर रडला नाही, तक्रार नाही. मला म्हणाला, "दोघं सापडलेच नाहीत रे दादा, तू पाहिले का?" आमच्यापैकी एकही त्याला सापडलेला नव्हता. त्याने कोणाला शोधलं होतं, कोण जाणे, बहुतेक दुसऱ्या ब्लॉकची पोरं खेळत असावीत.

भावंडं विचारत नाहीत, हे गाण्यात आलं की मी रेडिओ बंद करायचो. भावाला हे सगळं सांगितलं तेव्हा तो म्हणाला, त्याला त्या संध्याकाळचं काहीच आठवत नाही, आणि मुळात हे गाणं त्याला रटाळ वाटतं. तो बँकेत आहे, गाडी माझ्यापेक्षा वेगात चालवतो. मला वाटतं त्याला आठवतं.

हिंगणा रोड

वर कोणीतरी माफीचा विषय काढील म्हणून वाट बघत होतो, शेवटी मीच काढतो.

पाचवीत माझ्याकडून वर्गमित्राचं हिरोचं पेन हरवलं. मी न विचारता घेतलेलं. चौकशी झाली तेव्हा मी वस्तीतून येणाऱ्या एका मुलाचं नाव घेतलं. त्याचंच का? कारण त्याचं नाव घेतलं की कोणी पुन्हा विचारणार नाही, हे मला दहाव्या वर्षी नीट कळत होतं. म्हणून ते 'निरागस' प्रकरण मला पटत नाही. त्याला सगळ्यांसमोर छडी बसली. पुढच्या वर्षी तो शाळेत नव्हता.

पन्नाशीत तो मला कॉटन मार्केटात भेटला. भाजीचा ठेला. त्यानेच ओळखलं, "तू पेनवाला ना बे?" म्हणजे त्याला सुरुवातीपासून माहीत होतं. मी जे बोलायचं ते बोललो, हात जोडले. तो वांगी तोलत म्हणाला, "आता काहून सांगून राहिला? तुह्यं झालं मोकळं. मास्तरनं मारलं ते जाऊ दे, घरी गेल्यावर बापानं मारलं ते कोन वापस घेईन?" मग वांग्यांचे पैसे सांगितले. भाव कमी केला नाही, सांबाराची (कोथिंबिरीची) काडी वर टाकली नाही. बरोबरच केलं.

अशा विषयात करुणा वगैरे शब्द येतातच. माझ्या अनुभवात ती ज्याच्याकडे मागायला गेलो त्याच्यावर आणखी एक काम टाकल्यासारखं झालं. त्याला त्या दिवशी दुकान होतं.

निवृत्त बाई

महालची यांचं वाचून दोन दिवस लिहू की नको करत होते. तुमची शाळा माझी नव्हे, पण हा नाच मीही बसवला आहे, आणि असाच.

माझी बाजू सांगते, पटली पाहिजे असं नाही. दरवर्षी नाचात त्याच त्या चुणचुणीत, गोऱ्या, पैसेवाल्यांच्या मुली यायच्या. पिल्लाचं काम मी मुद्दाम कधीच न निवडल्या गेलेल्या मुलीला द्यायचे. गाण्यात सगळ्यांत जास्त वेळ स्टेजवर पिल्लूच असतं. तिची आई येईल, लेकीला मधोमध उभी बघेल, असा माझा हिशेब होता. मला तो चांगुलपणाच वाटला. आया यायच्याही. त्यांतल्या एकीनेही मला काही म्हटलं नाही, आणि त्यावरून मी काय समजायचं ते समजले.

महालची

बाई, राग मानू नका, एकच विचारते. शेवटच्या कडव्यात तिलाच राजहंस का नाही केलंत?

निवृत्त बाई

कपडे बदलायला वेळ पुरत नसे. तिसरं कडवं लगेच सुरू होतं. आणि पांढरा फ्रॉक एकच असायचा, भाड्याने आणलेला, तो ज्या मुलीच्या मापाचा तीच हंस. पण हे लिहिताना आठवलं, की फ्रॉक आणायला जाताना माप मी त्या दुसऱ्या मुलीचंच घेऊन जायचे.