मुलगी प्रार्थना नुसती उरकते, काय करावं?

निशिगंध:
आमच्याकडे झोपण्याआधी घरातले एकत्र प्रार्थना म्हणतात. पाच वर्षांचा मुलगा हौसेने बसतो. नऊ वर्षांची मुलगी भराभर म्हणून मोकळी होते आणि विचारते, "देव ऐकतो तर बोलत का नाही?" सक्ती करावी की सोडून द्यावं? बक्षीस ठेवलं तर चालेल का?

ध्रुवपद:
बक्षीस नकोच. १९७३ मध्ये लेपर, ग्रीन आणि निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी बालवाडीतल्या मुलांवर प्रयोग केला. चित्र काढल्याबद्दल बक्षीस मिळेल असं ज्यांना आधी सांगितलं होतं, ती मुलं नंतर आपणहून कमी चित्रं काढू लागली. प्रार्थनेचंही तसंच होऊ शकतं.

पाच वर्षांच्या मुलाला तीन-चार मिनिटं पुरे. घड्याळाची वेळ ठरवू नका, क्रम ठरवा: दात घासले, अंथरूण घातलं, की प्रार्थना. घड्याळ पाळायला गेलं की उशीर झालेल्या दिवशी हमखास बुडते. नवी ओळ आधी तुम्ही म्हणा, मग दोघं मिळून म्हणा. नंतर तुम्ही शेवटचा शब्द गाळा, तो भरेल. आठवड्याला दोन ओळी पुष्कळ झाल्या. उच्चार चुकला तर मध्येच टोकू नका, दुसऱ्या दिवशी सहज म्हणून दाखवा. पाठांतराला नावं ठेवू नका. या वयात आधी चाल बसते, अर्थ मागून येतो.

मुलीला मात्र आता पाठांतर पुरत नाही. आज कोणासाठी प्रार्थना करायची ते तिला ठरवू द्या.

क्षितिज०९:
तिचा प्रश्न टाळू नका. ज्यूंच्या वल्हांडण सणात सेडर नावाचं विधीचं जेवण असतं. त्या रात्री घरातलं सर्वांत लहान मूल चार प्रश्न विचारतं, तिथूनच इजिप्तमधून सुटकेची कथा सुरू होते. प्रश्न विचारणं हा श्रद्धेचाच भाग धरला आहे. आधी तिलाच विचारा, "तुला काय वाटतं?" मग तुम्ही स्वतः काय मानता ते दोन वाक्यांत सांगा. जे ठाऊक नाही, तिथे "मलाही कळलेलं नाही" म्हणा. पाठ केलेलं उत्तर मुलं लगेच ओळखतात.

आणि एक कळकळीची विनंती: "देव शिक्षा करेल" हे शिस्तीसाठी कधीही वापरू नका. लहान मुलं वाईट घटनेला आपल्या चुकीची शिक्षा समजतात, हे बालमानसशास्त्रज्ञ पियाजे यांनी १९३२ मध्येच मांडलं होतं. पुढे घरात कोणी आजारी पडलं, तर मूल दोष स्वतःकडे घेतं.

निशिगंध:
मनापासून आभार. मुलांचे बाबा प्रार्थनेला बसत नाहीत, हेही सांगायला हवं होतं.

मृदगंध:
ताई, त्यांना देखाव्यासाठी बसवू नका. अमेरिकेत समाजशास्त्रज्ञ व्हर्न बेंगटसन यांनी १९७० पासून साडेतीनशेहून अधिक कुटुंबांचा अनेक पिढ्यांचा अभ्यास केला. आईवडिलांशी, विशेषतः वडिलांशी, जिव्हाळ्याचं नातं असलेल्या मुलांमध्ये घरची श्रद्धा जास्त टिकलेली दिसली. म्हणून प्रार्थनेच्या वेळी ते शेजारी नुसते शांत बसले तरी मोठं काम होतं. मुलीने विचारलंच, तर त्यांनी सरळ सांगावं, "मी प्रार्थना करत नाही, पण आईला ती का लागते ते मला कळतं." मुलांसमोर एकमेकांची थट्टा मात्र दोघांनीही टाळा.

आणि तुमची स्वतःची प्रार्थना मुलं नसतानाही चालू असू द्या. ती फक्त त्यांच्यासाठीच होते असं दिसलं, की नऊ वर्षांचं मूल ते बरोबर हेरतं.