मदत हवी आहे: चालता रहाट कुठे ऐकायला मिळेल?

आमच्या आप्पांचं बालपण गुहागरच्या आगरात (नारळ-पोफळीच्या बागेत) गेलं. आता ते विसरभोळे झालेत, सकाळी काय खाल्लं तेही आठवत नाही. पण परवा कुणाच्या तरी व्हिडिओत रहाटाची, म्हणजे विहिरीतून पाणी काढणाऱ्या चाकाची, कुरकुर ऐकली आणि लगेच म्हणाले, "शिंपणं सुरू झालं काय रे?" मग रेडा कसा गोल फिरायचा, लोटे पन्हळीत कसे रिकामे व्हायचे, पाटाचं पाणी पोफळींना वळवताना आई कशी ओरडायची, सगळं ओळीने सांगत बसले. तरुणपणापर्यंतच्या आठवणी अशा वेळी जास्त काळ टिकतात हे माहीत होतं, पण एका आवाजाने इतकं निघेल असं वाटलं नव्हतं. तो व्हिडिओ मात्र जेमतेम अर्धा मिनिट, वर त्यात गाणं घातलेलं. (गाणं कशाला घालतात देव जाणे!)

तर मंडळी, गुहागर, मुरुड, आंजर्ले, दिवेआगर या बाजूला अजून चालता रहाट कुणाकडे आहे का? बहुतेकांनी विजेचे पंप बसवले, तरी एखादा असेल. जनावर जुंपलेला असेल तर उत्तमच. मोटर लावून फिरवलेला नको, त्यात मोटरच ऐकू येते.

दुसरं, किनाऱ्यावरच्या वाऱ्यात मोबाईलवर रेकॉर्डिंग घेतलं की नुसती घरघर येते. माईकला फोमची टोपी पुरते की आणखी काही लागतं? आणि मालकांना चार पैसे द्यायचे तर किती, तेही सांगा.