लघवीच्या जंतुसंसर्गावर प्रोबायोटिकच्या गोळ्या घ्याव्यात का?

धागालेखिका : लघवीला वारंवार जळजळ होते म्हटले की क्रॅनबेरी (एक आंबट विदेशी फळ), डी-मॅनोज (एक प्रकारची साखर) आणि लॅक्टोबॅसिलस (प्रोबायोटिक म्हणून दिले जाणारे उपकारक जिवाणू) यांचे मिश्रण असलेली पाकिटे हातात ठेवली जातात. त्यांवर पैसे घालवू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. ब्रिटनमध्ये ५९८ स्त्रियांना सहा महिने रोज डी-मॅनोज किंवा तुलनेसाठी फ्रुक्टोजची (फळसाखरेची) भुकटी दिली गेली. संसर्गाच्या शंकेने पुन्हा उपचार घ्यावे लागलेल्यांचे प्रमाण अनुक्रमे ५१ आणि सुमारे ५६ टक्के निघाले, आणि हा फरक ग्राह्य धरण्याजोगा नसल्याचे २०२४ मध्ये जाहीर झाले. पाकिटावरची बारीक अक्षरे वाचा : ‘औषधी वापरासाठी नाही’ या अर्थाची इंग्रजी ओळ तिथे असते, कारण कायद्याने हे अन्नपूरक आहे.

पहिला प्रतिसाद : तिन्ही घटकांना आपण एकाच मापाने मोजता, हे मला मान्य नाही. वैद्यकीय संशोधनाचे एकत्रित आढावे घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या २०२३ च्या आढाव्यात ५० अभ्यास तपासले गेले आणि वारंवार संसर्ग होणाऱ्या स्त्रियांमध्ये क्रॅनबेरीमुळे धोका सुमारे एक चतुर्थांशाने घटल्याचे दिसले. योनीमार्गातील जिवाणूंचे संतुलन बिघडल्यास मेट्रोनिडाझोल या प्रतिजैविकानंतर लॅक्टोबॅसिलस क्रिस्पॅटस ही जात वापरल्याने १२ आठवड्यांत त्रास पुन्हा उद्भवण्याचे प्रमाण ४५ वरून ३० टक्क्यांवर आल्याचे २०२० च्या अमेरिकी चाचणीत आढळले. लघवीच्या संसर्गाला बहुतेकदा कारणीभूत असणारा ई. कोलाय हा जिवाणू प्रतिजैविकांना दाद देईनासा होत असताना प्रतिजैविकाचा एक कोर्स टळणे ही लहान गोष्ट नव्हे.

धागालेखिका : क्रॅनबेरीपुरते आपले म्हणणे मी मान्य करते. मात्र लॅक्टोबॅसिलसच्या त्या अमेरिकी चाचणीतला विशिष्ट वाण (जिवाणूचा उपप्रकार) योनीमार्गात ठेवला जात होता. तोंडाने गिळायच्या कुठल्याही लॅक्टोबॅसिलसला तोच गुण चिकटवणे ही ग्राहकाची दिशाभूल आहे. शिवाय रजोनिवृत्तीनंतर डॉक्टरांच्या सल्ल्याने योनीमार्गात लावायच्या इस्ट्रोजेन मलमाने संसर्ग कमी होतात, हे १९९३ पासून ठाऊक असूनही कित्येक बायकांना ते कोणी सांगतच नाही. लघवीची कल्चर तपासणी (कोणता जिवाणू आहे हे पाहणारी) न करता महिनोन्‌महिने गोळ्या खाणाऱ्यांची मला खरी काळजी वाटते. ताप, थंडी किंवा कमरेत वेदना असतील तर एक दिवसही थांबू नये.

दुसरा प्रतिसाद : दोघीही पाण्याला विसरलात. दिवसाला दीड लिटरपेक्षा कमी पिणाऱ्या, वारंवार संसर्ग होणाऱ्या १४० स्त्रियांच्या चाचणीत आणखी दीड लिटर पाणी पिणाऱ्यांना वर्षात सरासरी १.७ वेळा, तर इतरांना ३.२ वेळा संसर्ग झाला. पण जवळ स्वच्छतागृहच नसेल, तर बाजारात दिवसभर भाजी विकणारी बाई पाणी पिणार कशी? मुंबईत २०११ पासून ‘राइट टू पी’ची, म्हणजे स्त्रियांसाठी सार्वजनिक मुताऱ्यांची, मागणी होत आहे, ती याच कारणाने.

पहिला प्रतिसाद : पाण्याचा मुद्दा निर्विवाद आहे. तरीही क्रॅनबेरी सरसकट बाद करू नये. पाकिटावर प्रोअँथोसायनिडिन या क्रॅनबेरीतल्या क्रियाशील घटकाचे प्रमाण आणि जिवाणूच्या वाणाचे पूर्ण नाव छापणे सक्तीचे करा, एवढेच मी मागते.