मदत हवी आहे: आरएल०२ ड्राइव्हचा फॉल्ट दिवा विझत नाहीये

माझ्याकडे पीडीपी-११/२३ आहे, डीईसी कंपनीचा जुना १६ बिटचा कॉम्प्युटर, आणि ते अजून मस्त चालतं. कन्सोलवर @ (कमांडची वाट बघणारं चिन्ह) येतो, लॅपटॉपवरच्या टीयू५८ एम्युलेटरवरून (जुन्या टेप ड्राइव्हची नक्कल करणारा प्रोग्राम) आरटी-११ ही ऑपरेटिंग सिस्टिम पण बूट होतं. अडलंय ते आरएल०२ वर, म्हणजे त्याच्या डिस्क ड्राइव्हवर. लोड बटण दाबलं की पॅक (काढता येणारी डिस्क) फिरायला लागतो, आवाज एकसारखा येतो आणि रेडीचा दिवा लागायच्या आतच फॉल्टचा लाल दिवा लागतो.

कंट्रोलरची केबल काढून परत बसवली, टर्मिनेटर (केबलच्या शेवटी लागणारा प्लग) जागेवर आहे, रेडीच्या टोपीवरचा ० नंबरचा प्लग (ड्राइव्हचा नंबर ठरवणारा) पण नीट बसलाय, ५ व्होल्ट बरोबर मिळतायत. झाकण उघडलं तर आतला फोम वयामुळे पार विरघळून काळा चिकट चिखल झालाय, बोटाला लागला तर निघतच नाही, तो हेडवर (डिस्क वाचणाऱ्या भागावर) गेला असेल का हीच धास्ती आहे.

पॅकमध्ये जुने फोरट्रान प्रोग्राम आहेत, दुसरी कॉपी कुठेच नाही, म्हणून आता परत फिरवायची हिंमत होत नाही. हेड आयसोप्रोपिलने पुसताना नेमकं काय जपायचं? आणि आधी सर्वो (हेड जागेवर नेणारी यंत्रणा) तपासू की हेड? कोणी हे केलं असेल तर प्लीज सांगा, प्रोग्राम वाचले की इमेज सगळ्यांना देईन.